घरातील जुन्या वस्तूंपासून शेतीची साधने : नाशिकच्या पिकांसाठी काय उपयोगी, काय टाळावे

घरात तेलाचे रिकामे डबे, पाण्याच्या बाटल्या, फाटके गोणपाट, वर्तमानपत्रांची रद्दी, जुन्या साड्या, काठ फुटलेले माठ अशा वस्तू साठत जातात. त्यांपैकी काही वस्तूंपासून शेतीला उपयोगी साधने जवळजवळ विनाखर्च तयार होतात. नाशिक जिल्ह्यात द्राक्ष, कांदा, टोमॅटो, डाळिंब, सोयाबीन, मका, वेलवर्गीय भाज्या अशी पिके एकाच तालुक्यात शेजारी शेजारी असतात. त्यामुळे अशा साधनांना वर्षभर काम मिळते.

या साधनांकडे केवळ 'पैसे वाचतात' म्हणून पाहू नये. बाजारातला चिकट सापळा किंवा पर्जन्यमापक फार महाग नसतो. खरा फायदा निर्णयात आहे. बियाणे उगवेल की नाही, पेरणीइतकी ओल झाली की नाही, फवारणीची वेळ आली की नाही, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवता येते. दुबार पेरणी टळली किंवा एक अनावश्यक फवारणी वाचली, तर त्याची किंमत डब्या-बाटलीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असते. मात्र चुकीची वस्तू वापरली, तर हेच साधन जिवावर बेतू शकते. म्हणून सुरुवात वस्तूंच्या निवडीपासून करावी.

कोणत्या वस्तू वापरू नयेत?

• कीडनाशक, बुरशीनाशक किंवा तणनाशकाची बाटली, डबा, पिशवी कोणत्याही कामासाठी पुन्हा वापरू नये. कितीही धुतली तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेला अंश पूर्ण निघत नाही. कीटकनाशके नियम, १९७१ मधील नियम ४४ हा वापरलेल्या वेष्टनांच्या विल्हेवाटीबाबत आहे. वेष्टने पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ती उघड्यावर टाकू नयेत, असे त्यात सांगितले आहे. बाटली रिकामी होताच तीन वेळा विसळावी, विसळलेले पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे आणि बाटलीला भोके पाडून ती निकामी करावी.

• याच्या उलट प्रकारही तितकाच धोक्याचा आहे. उरलेले औषध थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. घरातील लहान मूल किंवा अंधारात तहानेने बाटली उचलणारा माणूस ती पाण्याची समजून तोंडाला लावतो. औषध मूळ बाटलीत, मूळ लेबलसह, कुलपातच ठेवावे.

• औद्योगिक वसाहतींतून भंगारात येणारे निळे प्लॅस्टिक ड्रम स्वस्त मिळतात. आधी त्यात कोणते रसायन होते हे खात्रीने कळत नसेल, तर जनावरांचे पाणी, जीवामृत किंवा धान्य यांसाठी ते घेऊ नयेत. खाद्यतेल, गूळ, लोणचे अशा खाद्यपदार्थांचेच ड्रम निवडावेत.

• दवाखान्यात वापरलेल्या सलाईनच्या बाटल्या आणि नळ्या रोपांना ठिबक देण्यासाठी आणल्या जातात. वापरलेली सलाईन बाटली हा जैववैद्यकीय कचरा आहे. त्याची विल्हेवाट ठरलेल्या पद्धतीनेच व्हायला हवी. तो शेतात आणू नये.

• शेतीच्या कामाला एकदा लावलेले मग, चमचा, पातेले, बादली परत स्वयंपाकघरात नेऊ नये. अशा प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटचा जाड पट्टा मारून ठेवावा आणि त्याचा अर्थ घरातील सर्वांना सांगावा.

१) गोणपाट : बियाण्याची उगवण चाचणी

येवला, निफाड, सिन्नर, दिंडोरी भागात सोयाबीनचे घरचे बियाणे वापरण्याचे प्रमाण मोठे आहे. सोयाबीनचे टरफल पातळ असते. मळणीच्या वेळी यंत्राचे फेरे जास्त असले, पोती उंचावरून आदळली किंवा थप्पी जास्त उंच लावली तर दाण्यातील अंकुराला इजा होते. वरून दाणा चांगला दिसतो, पण उगवत नाही. त्यामुळे पेरणीआधी चाचणी करावीच.

साहित्य : स्वच्छ जुने गोणपाट (तागाचे), सुतळी, पाणी.

कृती : गोणपाट भिजवून पाणी निथळू द्यावे. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळाच्या भागातून बियाणे काढून एकत्र मिसळावे. त्यातून चांगले-वाईट न निवडता १०० दाणे मोजावेत. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी गोणपाटाच्या अर्ध्या भागावर, दाण्यांत थोडे अंतर ठेवून मांडाव्यात. उरलेला अर्धा भाग वर टाकून सैल गुंडाळी करावी व सुतळीने बांधावी. गुंडाळी सावलीत ठेवून गोणपाट सुकू नये इतपतच पाणी शिंपडावे. पाणी साचले तर दाणे कुजतात आणि चाचणी चुकते. सात-आठ दिवसांनी गुंडाळी उघडून मूळ व कोंब दोन्ही व्यवस्थित असलेली रोपेच मोजावीत. वाकडी, तुटकी, कुजलेली रोपे मोजू नयेत.

गोणपाट नसेल तर वर्तमानपत्राच्या चार थरांची भिजवलेली घडी चालते. एका घडीत दहा दाणे ठेवून अशा दहा गुंडाळ्या कराव्यात आणि त्या प्लॅस्टिक पिशवीत सैल बांधून ठेवाव्यात.

निष्कर्ष : १०० पैकी ७० किंवा त्याहून जास्त रोपे निघाली तर सोयाबीनचे एकरी ३० किलो हे नेहमीचे प्रमाण ठेवावे. त्यापेक्षा कमी असतील तर ३० ला ७० ने गुणून, आलेल्या उगवण टक्केवारीने भागावे. उगवण ६५ टक्के असेल तर सुमारे साडेबत्तीस किलो आणि ६० टक्के असेल तर ३५ किलो बियाणे लागेल. उगवण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर ते बियाणे पेरणीसाठी वापरू नये.

कांद्याच्या बियाण्यासाठीही हीच पद्धत कागदाच्या घडीत वापरावी. कांद्याच्या बियाण्याची उगवणक्षमता लवकर कमी होते, त्यामुळे मागील वर्षी उरलेले बी चाचणीशिवाय रोपवाटिकेत टाकू नये. कांदा उगवायला वेळ घेतो, म्हणून अंतिम मोजणी १२ व्या दिवशी करावी. प्रमाणित कांदा बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण अपेक्षित असते.

२) तेलाचा डबा : शेतातील पर्जन्यमापक

महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर नोंदलेला पाऊस आणि आपल्या शेतातील पाऊस यात बराच फरक पडू शकतो. गावाच्या एका शिवारात ओढे वाहतात आणि दुसऱ्या शिवारात धूळही बसत नाही, हा अनुभव नवा नाही. म्हणून पेरणी, पाणी व फवारणीच्या निर्णयासाठी स्वतःच्या शेतात पाऊस मोजावा.

साहित्य : १५ किलो खाद्यतेलाचा सरळ बाजूंचा चौकोनी डबा, औषधाच्या बाटलीसोबत मिळणारे मिलिलिटरच्या खुणा असलेले टोपण किंवा सुईविना सिरिंज, मोजपट्टी.

कृती : डब्याचा वरचा पत्रा पूर्ण कापावा. कापलेली कड पक्कडीने आत दुमडून ठोकावी, म्हणजे हात कापणार नाही. डबा गळत नाही याची पाणी भरून खात्री करावी. शेतात मोकळ्या जागी, सपाट पायावर, दोन्ही बाजूंना विटांचा आधार देऊन तो पक्का बसवावा. झाड किंवा घर यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर त्यांच्यापासून ठेवावे. डब्याच्या तोंडाची लांबी व रुंदी आतून मोजावी.

हिशेब : तोंडाची लांबी गुणिले रुंदी म्हणजे क्षेत्रफळ. डबा आतून २३ × २३ सें.मी. असेल, तर क्षेत्रफळ ५२९ चौरस सें.मी. येते. त्याला १० ने भागले की १ मि.मी. पावसाला किती मिलिलिटर पाणी जमेल ते कळते. येथे ते सुमारे ५३ मि.लि. आहे. सकाळी डब्यात ५३० मि.लि. पाणी निघाले तर १० मि.मी. पाऊस झाला. मोठ्या पावसात पट्टी उभी धरून पाण्याची उंची थेट मि.मी.मध्ये वाचता येते. मात्र त्यासाठी डब्याचा तळ सपाट हवा.

रोज सकाळी साडेआठला मोजून डबा रिकामा करावा. हवामान खात्याची दैनंदिन नोंदही सकाळी साडेआठचीच असते, त्यामुळे तुलना करणे सोपे जाते. दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो, तसाच पाऊसही त्या तारखेच्या चौकटीत लिहावा.

उपयोग : खरिपात ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच सोयाबीनची पेरणी करण्याची शिफारस आहे. एक सर जोरात येऊन गेली म्हणून तिफण बाहेर काढण्याआधी कॅलेंडरवरची बेरीज पाहावी. बागायतदारांसाठी दुसरा उपयोग पाण्याच्या हिशेबाचा. १ मि.मी. पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. १० मि.मी. पाऊस शांतपणे जमिनीत मुरला, तर एकराला ४०,००० लिटर पाणी मिळाले. त्यानुसार ठिबकचे तास कमी करावेत. द्राक्षात ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस कोणत्या दिवशी, किती झाला आणि पाने किती वेळ ओली राहिली ही नोंद असेल, तर केवड्याच्या (डाऊनी मिल्ड्यू) फवारणीबाबत सल्ला घेणे सोपे जाते.

ही नोंद आपल्या निर्णयासाठी आहे. पीक विमा किंवा नुकसानभरपाईसाठी ती ग्राह्य धरली जात नाही.

३) घमेले व दिवा : हुमणीच्या भुंगेऱ्यांसाठी प्रकाश सापळा

पहिल्या वळवाच्या किंवा मॉन्सूनच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. एक मादी मारली तर तिची पुढची पिढी थांबते. जमिनीत अळी वाढल्यावर हा मार्ग उरत नाही.

साहित्य : जुने घमेले किंवा प्लॅस्टिकचा टब, चार्जिंगचा दिवा, तीन काठ्या, कपडे धुण्याची पावडर.

कृती : तीन काठ्यांची तिकाटी करून मध्यभागी दिवा टांगावा. त्याच्या फूटभर खाली टब ठेवून पाणी भरावे व त्यात पावडर विरघळवावी. साबणाच्या पाण्यात पडलेला भुंगेरा वर चढू शकत नाही. संध्याकाळी सात ते साडेनऊपर्यंत सापळा चालू ठेवून नंतर बंद करावा. रात्रभर चालू ठेवल्यास उपयोगी कीटकही मोठ्या प्रमाणात मरतात. त्याच वेळी झाडांच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करावेत व साबणाच्या पाण्यात टाकावेत.

काळजी : घरातून जुनी वायर ओढून, जोड देऊन पावसात बल्ब लावू नये. ओली जमीन, पाण्याचा टब आणि उघडा जोड एकत्र आले की विजेचा धक्का बसतो. बॅटरीवरचाच दिवा वापरावा. हे काम एका शेतकऱ्याने करून भागत नाही, कारण भुंगेरे बांध ओळखत नाहीत. शिवारातील सर्वांनी एकाच आठवड्यात सापळे लावावेत.

४) डब्याचा पत्रा व झाकणे : चिकट सापळे

कांद्यावरील फुलकिडे निळ्या रंगाकडे आणि टोमॅटो, मिरची, वेलवर्गीय पिकांवरील पांढरी माशी, मावा व तुडतुडे पिवळ्या रंगाकडे आकर्षित होतात. टोमॅटोत पांढरी माशी पाने वळण्याचा विषाणूजन्य रोग पसरवते. म्हणून तिची चाहूल लवकर लागणे महत्त्वाचे.

साहित्य : डब्याचा पत्रा, तेलाच्या कॅनची बाजू किंवा बादलीची मोठी झाकणे, पिवळा व निळा ऑइलपेंट, पारदर्शक प्लॅस्टिक पिशव्या, एरंडेल तेल किंवा ग्रीस, काठ्या.

कृती : साधारण ३० × २० सें.मी. आकाराचे तुकडे कापून दोन्ही बाजूंनी रंगवावेत व दोन दिवस पूर्ण वाळू द्यावेत. रंगावर थेट ग्रीस लावू नये. आधी पारदर्शक पिशवी ताणून चढवावी आणि पिशवीवर तेल किंवा ग्रीसचा पातळ थर द्यावा. कीड किंवा धूळ भरली की फक्त पिशवी बदलावी, पत्रा वर्षानुवर्षे चालतो. भरलेल्या पिशव्या शेतात न टाकता गोळा कराव्यात.

निरीक्षणासाठी एकरी १० ते १२ सापळे पुरेसे होतात. कांद्यात ते पातीच्या थोडे वर आणि टोमॅटोत शेंड्याच्या उंचीवर ठेवावेत. पीक वाढेल तसे सापळे वर सरकवावेत. महिनाभरापूर्वीच्या उंचीवर राहिलेला सापळा पानांत झाकला जातो आणि काहीच सांगत नाही.

उपयोग : आठवड्यातून एकदा प्रत्येक सापळ्यावरील कीड मोजून लिहावी. आकडा वाढू लागला की पिकाचे निरीक्षण वाढवावे. सापळ्यावरील आकड्यावरून थेट फवारणी करू नये. कांद्यात शेताच्या वेगवेगळ्या भागांतील २० झाडे घेऊन पातीच्या बेचक्यातील फुलकिडे मोजावेत. प्रति झाड सरासरी ३० फुलकिडे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. त्याखाली असताना केलेली फवारणी खर्च वाढवते आणि मित्रकीटक कमी करते.

कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये फुलोरा सुरू झाला की पिवळे चिकट सापळे काढून घ्यावेत. परागीभवनासाठी येणाऱ्या मधमाश्या त्यावर चिकटतात आणि बियाण्याचे उत्पादन घटते.

५) पाण्याची बाटली : फळमाशी सापळा

कारली, दोडका, काकडी, भोपळा या पिकांत फळमाशीची मादी कोवळ्या फळात अंडी घालते. अळी आतून गर खाते, त्यामुळे फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. येथे सापळा आणि स्वच्छता हेच मुख्य उपाय ठरतात.

साहित्य : १ लिटरची पाण्याची बाटली, तार, तापवलेला खिळा, कृषी सेवा केंद्रात मिळणारी गंधाची वडी.

कृती : बाटलीच्या वरच्या तिसऱ्या भागात समोरासमोर बोट जाईल एवढी दोन भोके तापलेल्या खिळ्याने पाडून मोठी करावीत. झाकणाला मधोमध भोक पाडून तार ओवावी. तारेच्या आतल्या टोकाला गंधाची वडी भोकांच्या पातळीत लटकेल अशी बांधावी आणि बाहेरच्या टोकाने सापळा टांगावा. तळाशी दोन बोटे साबणाचे पाणी ठेवावे. मांडवावरील पिकात सापळा मांडवाच्या उंचीवर, सावलीत बांधावा. फुलोरा येण्याआधीच एकरी पाच-सहा सापळे लावावेत. आठवड्याला पाणी बदलावे आणि वडी वेष्टनावरील मुदतीनुसार बदलावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गंधाची निवड. वेलवर्गीय भाज्यांसाठी 'क्यू ल्युअर' आणि आंबा, पेरूसाठी 'मिथिल युजेनॉल' लागते. कारल्याच्या मांडवात मिथिल युजेनॉल लावले तर सापळा रिकामा राहतो. शेतकरी समजतो माशी नाही, आणि फळे मात्र आतून सडत राहतात. वडी घेताना पिकाचे नाव सांगूनच घ्यावी.

या सापळ्यांत फक्त नर पकडले जातात. शेतात आधीच असलेल्या मादीचे अंडी घालणे त्याने लगेच थांबत नाही. म्हणून किडलेली, वाकडी झालेली व गळलेली फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरावीत. बांधावर टाकलेल्या फळातील अळी मातीत कोष करून पुन्हा माशी होऊन परत येते.

६) वर्तमानपत्रांची रद्दी : द्राक्षघडांना आच्छादन

घरातल्या रद्दीचा शेतीत सर्वांत मोठा वापर कोणता, असे विचारले तर नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात उत्तर एकच मिळते. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश यांसारख्या हिरव्या जातींत पाणी उतरण्याच्या सुमारास दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली, तर काही मण्यांवर गुलाबी छटा येते. यालाच 'पिंक बेरी' म्हणतात. निफाड तालुका हिवाळ्यातील नीचांकी तापमानासाठी ओळखला जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील नोंदी दर थंडीत बातम्यांत येतात. पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी कडक ऊन असे दिवस सुरू झाले की निर्यातीच्या बागांत पेपर लावण्याची घाई होते, कारण गुलाबी मणी असलेला घड निर्यातीत नाकारला जातो.

कृती : मण्यात पाणी उतरण्यास सुरुवात होताना घडाभोवती कागद गुंडाळून वरच्या बाजूने टाचावा. खालची बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे हवा खेळती राहते. कागद मण्यांना घट्ट आवळू नये.

कागद लावण्यापूर्वी पुढील गोष्टी पूर्ण कराव्यात.

• घडातील सडके, तडकलेले व लहान मणी काढून टाकावेत.

• भुरी आणि मिलीबगसाठी घडाची आतून तपासणी करावी. एकदा कागद लागला की फवारा घडापर्यंत पोहोचत नाही आणि आत वाढणारा मिलीबग बाहेरून दिसत नाही.

• शेवटच्या फवारणीची तारीख आणि त्या औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी लिहून ठेवावा.

• कागद लावल्यावर दर आठवड्याला प्रत्येक ओळीतील काही घड उघडून पाहावेत.

अवकाळी पावसात कागद भिजला तर तो मण्यांना चिकटतो, आत ओल धरतो आणि कूज सुरू होते. भिजलेला कागद वाळेल याची वाट न पाहता लगेच काढावा. ज्यांच्याकडे क्षेत्र मोठे आणि मजूर कमी आहेत त्यांनी हा धोका आधीच लक्षात घ्यावा.

खर्चाचा हिशेबही समजून घ्यावा. ९ × ५ फूट अंतरावर एकरी सुमारे ९६८ वेली बसतात. वेलीवर ३० ते ३५ घड धरले तर एकरी २९ ते ३४ हजार घड होतात. तितके कागद लावणे आणि काढणीला तितकेच काढणे, अशी दोन वेळची मजुरी लागते. रद्दी स्वस्त असली तरी मजुरी स्वस्त नाही. सरसकट सगळी बाग झाकण्यापेक्षा निर्यातीसाठी निवडलेला प्लॉट आणि पश्चिमेच्या उन्हात येणारे घड यांना प्राधान्य द्यावे.

काढणीनंतर मात्र वर्तमानपत्राचे काम संपते. छपाईच्या शाईतील घटक अन्नात उतरू शकतात. म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०१६ मध्ये खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असा सल्ला दिला होता. क्रेटमध्ये तळाला किंवा घडांमध्ये वर्तमानपत्र घालू नये, कोरा कागद वापरावा.

७) जुन्या साड्या : डाळिंबाला सावली

मालेगाव, सटाणा, देवळा, कळवण या कसमादे पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. आंबिया बहराच्या डाळिंब फळांवर दुपारच्या उन्हाने काळपट-तपकिरी चट्टे पडतात आणि भाव निम्म्यावर येतो. त्यासाठी बागेवर जुन्या साड्या अंथरण्याची पद्धत येथील शेतकऱ्यांनी रूढ केली आहे. जुन्या साड्या वजनावरही विकत मिळतात.

कृती : फिकट रंगाच्या, पातळ साड्या निवडाव्यात. गडद साडी उष्णता शोषते. ओळीच्या दोन्ही टोकांना बांबू रोवून तार ताणावी आणि साडी तारेवर टाकून कपड्यांच्या चिमट्यांनी किंवा सुतळीने बांधावी. साडी थेट फांद्यांवर टाकली तर वाऱ्याने घासून फळांना ओरखडे पडतात. एकच थर पुरेसा आहे. दक्षिण व पश्चिम बाजू झाकली जाईल हे पाहावे, कारण दुपारचे ऊन तिकडूनच लागते.

काळजी : ढग दाटले, वळीव येण्याची चिन्हे दिसली की साड्या काढाव्यात. ओली साडी बागेत दमट हवा कोंडून ठेवते आणि अशा हवेत तेलकट डाग रोग (तेल्या) झपाट्याने पसरतो. तेल्या असलेल्या बागेतील साड्या दुसऱ्या बागेत नेऊ नयेत.

साडी किंवा जुनी मच्छरदाणी ही कीडरोधक जाळी नव्हे. टोमॅटोच्या रोपवाटिकेवर मच्छरदाणी टाकली तर मोठे पतंग अडतात. पांढरी माशी आणि फुलकिडे मात्र तिच्या छिद्रांतून सहज जातात. त्यासाठी ४० मेश किंवा त्याहून बारीक नायलॉन जाळीच विकत घ्यावी. येथे काटकसर महागात पडते.

८) कॅसेटच्या फिती : पक्ष्यांपासून राखण

घरात पडून असलेल्या ऑडिओ-व्हिडिओ कॅसेटची फीत ज्वारी-बाजरीच्या कणसांच्या फूटभर वर, काठ्यांना दोन-तीन पीळ देऊन ताणून बांधावी. वारा आला की ती चमकते आणि घूं असा आवाज करते. दाणे दुधात असतानाच फीत लावावी. महिनाभर आधी लावल्यास पक्षी सरावतात. दर तीन-चार दिवसांनी जागा व दिशा बदलावी. वारा नसलेल्या दिवशी तिचा उपयोग होत नाही, त्या दिवशी माणसाची राखण हवीच.

कापणीपूर्वी प्रत्येक फीत मोजून काढावी. तुटलेले तुकडे कडब्यात गेले आणि जनावराच्या पोटात अडकले, तर वाचवलेल्या दाण्यांपेक्षा नुकसान मोठे होते.

९) जुना माठ : नवीन फळझाडांना पाणी

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागात पाऊस भरपूर पडतो, पण उतारावरच्या जमिनीत मार्चनंतर पाण्याची चणचण भासते. आंबा, काजू, सीताफळ, शेवग्याची नवी रोपे पहिले दोन उन्हाळे जगली की पुढे तग धरतात. अशा रोपांसाठी माठातून झिरपणारे पाणी उपयोगी पडते.

माठ निवडताना एक गोष्ट तपासावी. पाणी गार होत नाही म्हणून जो माठ टाकून दिला, तो या कामाला चालत नाही. त्याची बारीक छिद्रे पाण्यातील क्षारांनी बुजलेली असतात आणि त्यातून झिरपही होत नाही. काठ फुटलेला, टवका उडालेला, पण अंग ओले होणारा माठ उत्तम. माठ भरून सावलीत ठेवावा. काही तासांत बाहेरून ओलसर झाला तर घ्यावा. कोरडा राहिला तर नारळाच्या काथ्याने आतून-बाहेरून घासून पुन्हा तपासावा. रंगवलेले माठ घेऊ नयेत.

कृती : रोपापासून फूट-दीड फूट अंतरावर, माठ गळ्यापर्यंत जाईल एवढा खड्डा घ्यावा. माठ बसवून भोवती माती व शेणखत दाबावे. पाणी भरून तोंडावर फरशीचा तुकडा किंवा झाकण ठेवावे. उघडा माठ म्हणजे डासांची पैदास. जमीन कोरडी असेल तेव्हा झिरप वाढते आणि ओली असेल तेव्हा कमी होते. तीन-चार दिवसांनी पातळी पाहून माठ भरावा. रोपाभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे.

माठ नसेल तर झाकणाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात बसवलेली पाण्याची बाटली उलटी टांगावी व तळाला हवेसाठी छोटे भोक ठेवावे. दोन सेकंदाला एक थेंब पडेल अशी वात घट्ट-सैल केली, तर १ लिटर पाणी सुमारे ११ तास पुरते. गढूळ पाण्याने वात बुजते, म्हणून पाणी गाळून भरावे.

कोणत्या महिन्यात काय करावे?

• एप्रिल-मे : डाळिंबावर साड्या, फळझाडांना माठ, सोयाबीन बियाण्याची उगवण चाचणी, आंबा-पेरू बागेत सापळे.

• जून : पर्जन्यमापक, हुमणीसाठी प्रकाश सापळा.

• जुलै ते सप्टेंबर : टोमॅटोत पिवळे सापळे, वेलवर्गीय पिकांत फळमाशी सापळे, बाजरीवर फिती.

• ऑक्टोबर-नोव्हेंबर : द्राक्ष छाटणीनंतर पाऊस व दवाची नोंद, कांदा बियाण्याची चाचणी.

• डिसेंबर ते फेब्रुवारी : कांद्यात निळे सापळे, द्राक्षघडांना कागद, ज्वारीवर फिती.

कृषी सहायक व शेतीशाळा घेणाऱ्यांसाठी

ही साधने सांगण्यापेक्षा करून घेतलेली बरी. शेतीशाळेच्या एका वर्गाला प्रत्येकाने घरून एक डबा, एक बाटली आणि स्वतःचे १०० दाणे आणावेत, असे सांगावे. एका सत्रात पर्जन्यमापक व सापळा तयार होतो आणि उगवण चाचणी लावून होते. पुढच्या सत्रात सर्वांच्या गुंडाळ्या एकत्र उघडाव्यात. एकाच गावातील बियाण्यांत किती फरक आहे हे शेतकरी स्वतः मोजतात, तेव्हा बियाण्याचे प्रमाण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचा विषयही याच सत्रात, महिला शेतकऱ्यांच्या उपस्थितीत घ्यावा. घरात कोणती बाटली कशासाठी वापरली जाते, हे त्यांनाच नेमके माहीत असते.

पहिल्या हंगामात सगळी साधने करण्याची गरज नाही. पेरणीपूर्वी गोणपाटाची चाचणी आणि बांधावर तेलाचा डबा या दोन गोष्टींपासून सुरुवात करावी. कॅलेंडरवर एक हंगाम नियमित नोंदी झाल्या की पुढचे साधन कोणते हवे, ते शेतातील अडचणच दाखवून देते.